आधी चिंधी, मग दारू, शेवटी माशी : ठासणीच्या रायफलीचा बार जुळवताना

ठासणीची नवी रायफल हातात आली की पहिल्याच दिवशी कानस बाहेर काढायची अनेकांना घाई होते. चार गोळ्या झाडायच्या, त्या खाली किंवा डावीकडे लागल्या की माशी, म्हणजे नळीच्या तोंडाजवळची नेमाची खुंटी, घासायला बसायचं. पुढच्या आठवड्यात दारूचं माप बदलतं, चिंधीचं कापड बदलतं, गोळ्या आता भलतीकडेच जातात, आणि घासलेली माशी काही परत वाढत नाही. म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. आधी गोळीभोवतीची चिंधी जमवायची, मग दारूचं माप ठरवायचं. गोळ्या एका जागी पडायला लागल्या की मग ती जागा नेमावर आणायची. गोळ्यांचा पुंजका कुठे पडतो याची काळजी सुरुवातीला करायचीच नाही. तो किती लहान आहे एवढंच बघायचं.

इथे मुख्यतः टोपीच्या (घोडा आपटल्यावर ठिणगी देणारी छोटी धातूची टोपी लागणाऱ्या) रायफलीत गोल गोळी आणि चिंधी वापरण्याबद्दल लिहिलं आहे, कारण शिकायला तीच जोडी चांगली. चकमकीच्या रायफलीसाठी आणि लांबट गोळीसाठी जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे. परवाना, दारू बाळगण्याची मर्यादा आणि झाडायची जागा यांचे नियम देशागणिक वेगळे असतात, ते आधी माहीत करून घ्या. सराव अधिकृत रेंजवरच करा आणि पहिल्या दिवशी कुणी जाणकार सोबत असू द्या.

दारूबद्दल आधी

या रायफलीत फक्त काळी दारू किंवा तिला पर्याय म्हणून बनवलेली आणि डब्यावर तसं स्पष्ट छापलेली दारूच जाते. आधुनिक काडतुसातली धूरविरहित दारू चिमूटभरसुद्धा नाही, काळ्या दारूत मिसळूनही नाही. तिचा दाब इतका चढतो की नळीचं बूड फाटून हात आणि डोळे जाऊ शकतात. सुटी, बिनलेबलाची, कुणीतरी दुसऱ्या डब्यात ओतून दिलेली दारू कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. दारू तिच्या मूळ डब्यातच ठेवायची आणि भरण्याच्या टेबलावर एका वेळी एकच डबा असू द्यायचा.

डब्यावर इंग्रजी ‘एफ’ अक्षरं असतात. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक, आणि दाणा बारीक तितकी दारू लवकर जळते. ढोबळ रीत अशी की पॉइंट ५० (नळीचा व्यास इंचात, म्हणजे अर्धा इंच) आणि त्याहून मोठ्या नळीला दोन एफ, पॉइंट ४५ आणि त्याहून लहान नळीला तीन एफ. पॉइंट ५० मध्ये तीन एफ वापरणारे पुष्कळ आहेत, पण ते माप दहा-पंधरा टक्के खाली आणतात. चार एफ ही चकमकीच्या रायफलीची रंजक, म्हणजे बाहेरच्या वाटीत ठेवून बार पेटवायची दारू. ती नळीत मुख्य बार म्हणून भरायची नाही.

माप ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये साधारण १५.४ ग्रेन. पण इथे एक खाच आहे. ठासणीच्या रायफलीत दारू वजनाने नाही, आकारमानाने मोजतात. पितळी मापावर ६० चा आकडा लावला म्हणजे ६० ग्रेन काळी दारू बसेल एवढी जागा. पर्यायी दारू वजनाला हलकी असते, त्यामुळे त्याच जागेत तिचं वजन कमी भरतं, आणि तसंच अपेक्षित आहे. तराजू काढून पर्यायी दारू ६० ग्रेन तोलून भरली तर बार हवा त्यापेक्षा बराच जड होतो. माप भरण्याची पद्धतही एकच ठेवा. काठोकाठ भरायचं, दरवेळी तेवढ्याच टिचक्या मारायच्या, वरचं सपाट करायचं. टिचक्या बदलल्या की दोन-तीन ग्रेन इकडचे तिकडे होतात.

सगळ्यात वरची मर्यादा कुठली? तुमच्या रायफलीच्या पुस्तिकेत कारखान्याने छापलेली, आणि ती ओलांडायची नाही. पुस्तिका हरवली असेल तर कारखान्याकडून मागवा. जुनी, वारशाने आलेली किंवा कुणी घरी जोडलेली रायफल असेल तर बंदुकांच्या जाणत्या कारागिराने नळी, बूड आणि निपल (टोपी बसते ती पोकळ खुंटी) तपासल्याशिवाय तिच्यात दारू घालूच नये.

गोळी आणि चिंधी

गोल गोळी नळीत सैल बसते. ती घट्ट होते ती तिच्याभोवतीच्या तेलकट चिंधीमुळे, जिला सगळे सर्रास पॅच म्हणतात. नळीतले आटे, म्हणजे आतल्या पिळदार उंच कडा, शिशाला थेट धरत नाहीत. ते चिंधीला धरतात आणि चिंधी गोळीला फिरवते. मागचा वायू अडवण्याचं कामही तिचंच. म्हणून एवढ्याशा कापडावर सगळा नेम अवलंबून असतो.

पॉइंट ५० च्या नळीचं उदाहरण घेऊ. आट्यांच्या माथ्यांमधलं अंतर ०.५०० इंच. गोळी ०.४९० इंचाची, वजन सुमारे १७७ ग्रेन. चिंधी ०.०१५ इंच जाड. दोन्ही बाजूंची चिंधी धरली की ०.४९० अधिक ०.०३० म्हणजे ०.५२० इंच. माथ्यावर कापड चांगलंच दाबलं जातं आणि खाचांमध्ये भरून बसतं. सुरुवातीला हीच जोडी घ्या. पुढे बदल करायचा तर गोळी तीच ठेवून चिंधी ०.०१० किंवा ०.०१८ ची करून बघायची, किंवा चिंधी तीच ठेवून गोळी ०.४९५ ची. दोन्ही एकदम बदलायचं नाही.

कापड शंभर टक्के सुती आणि घट्ट विणीचं हवं. गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड किंवा ड्रिल चालतं. आधी धुऊन खळ काढून टाका. कृत्रिम धागा असलेलं कापड वितळून नळीत चिकटतं. कापड मायक्रोमीटरमध्ये दाबून मोजा, कारण दुकानदाराने सांगितलेली जाडी आणि खरी जाडी यांचा मेळ बसेलच असं नाही. वंगणासाठी मेण आणि चरबी, किंवा मेण आणि वनस्पती तेल यांचं मिश्रण जुनं आणि भरवशाचं. काळ्या दारूबरोबर खनिज तेल वापरलं की डांबरासारखी चिकट राख होते.

गोळ्या शुद्ध, मऊ शिशाच्या हव्यात. ओतीव गोळ्या असतील तर एकेक तोला. आत हवेचा फुगा राहिला की गोळी हलकी भरते. बाकीच्यांपेक्षा एखादा-दीड ग्रेन कमी भरणारी गोळी बाजूला काढा, ती परत वितळवता येते.

नळीचा पीळ किती हेही बघून ठेवा. ४८ किंवा ६६ इंचांत एक फेरा असेल तर गोल गोळी तिथे खूश असते. २८ इंचांत एक फेरा असेल तर ती नळी लांबट गोळीसाठी किंवा प्लास्टिकच्या सॅबोसाठी (गोळीभोवतीची, बाहेर पडल्यावर उघडून गळणारी वाटी) कापलेली आहे. तिच्यातूनही गोल गोळी जाते, पण हलक्या बारावरच. बार वाढवला की गोळी आट्यांवरून घसरते आणि पुंजका फुटतो. यात रायफलीचा काही दोष नसतो.

बार भरण्याचा क्रम

डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, आणि आसपास सिगारेट किंवा उघडी ज्योत नाही, हे गृहीत धरतो.

सगळ्यात आधी रायफल रिकामी आहे का ते बघा. ‘रिकामीच आहे’ या शब्दावर विश्वास ठेवू नका, भले तो तुमचा स्वतःचा असो. गज (गोळी ठासायची काठी) नळीत सोडा. तो बुडापर्यंत गेला पाहिजे. गज बाहेर काढून नळीला बाहेरून समांतर धरला की टोक कुठे येतं ते कळतं. नळी खरंच रिकामी असेल तेव्हा गजावर तोंडाशी एक खूण करा. पुढे ठरलेला बार भरल्यावर दुसरी खूण करायची आहे. या दोन खुणा म्हणजे तुमची सगळ्यात स्वस्त विमा पॉलिसी.

नळीतलं साठवणीचं तेल कोरड्या कापडाने पुसून काढा. मग रायफल रेंजच्या दिशेला, तोंड जमिनीवरच्या एखाद्या गवताच्या पात्याजवळ धरून नुसत्या टोप्या उडवा, दोन किंवा तीन. पातं हललं तर निपलपासून नळीपर्यंतची वाट मोकळी आहे. नाही हललं तर निपल काढून साफ करा. हे न करता बार भरला की पहिलाच बार फुसका जातो आणि मग अर्धी सकाळ तो बाहेर काढण्यात जाते.

आता बार. रायफल उभी धरा, तोंड स्वतःपासून बाहेरच्या दिशेला झुकलेलं, चेहरा आणि छाती कधीच नळीवर नाही. निपलवर टोपी नाही, हे पुन्हा एकदा बघा. दारू डब्यातून किंवा शिंगातून आधी मापात आणि मापातून नळीत. शिंगातून थेट नळीत कधीच नाही. आधीच्या बाराची एखादी ठिणगी बुडाशी जिवंत असेल तर मापातली दारू भडकून हात भाजेल, पण शिंग भडकलं तर तो बॉम्ब आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्येही प्रत्येक बाराची दारू आधीच वेगवेगळ्या नळकांड्यांत मोजून आणावी लागते. ती सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

दारू ओतल्यावर नळीला बाहेरून दोन-तीन चापट्या मारा, म्हणजे दाणे नीट बसतात. तोंडावर चिंधी मध्यावर ठेवा, तिच्यावर गोळी. ओतीव गोळीला जिथे शिशाचा देठ कापलेला असतो ती सपाट जागा बरोबर वर यायला हवी. शॉर्ट स्टार्टरने (एक आखूड आणि एक लांब खुंटी असलेली मूठ) गोळी आत ढकला, आधी आखूड खुंटीने, मग लांब खुंटीने. नंतर गज. गज तोंडापासून वीतभर उंचीवर पकडा आणि थोडा थोडा दाबत न्या. वर टोकाला धरून जोर लावला तर लाकडी गज मोडतो आणि त्याची फाटलेली टोकं तळहातात घुसतात.

गोळी दारूवर टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. ठासणीच्या रायफलीचे जे अपघात होतात त्यांचं हेही एक कारण. गोळी टेकली की गजाने एकदा ठाम दाबा. गज आपटून गोळी ठेचायची नाही, तिचा आकार बिघडतो. प्रत्येक वेळी दाब सारखा ठेवा. आता तोंडाशी गजावर दुसरी खूण करा. पुढे प्रत्येक बाराला ती खूण बरोबर तोंडाशी आली पाहिजे. वर राहिली तर गोळी पुरती बसलेली नाही किंवा दारू दोनदा पडली आहे. खाली गेली तर दारू कमी आहे किंवा भरायचीच राहिली आहे.

गज बाहेर काढा आणि टेबलावर डोळ्यांसमोर ठेवा. गज नळीत विसरून बार उडवणारे लोक आहेत. मग फायरिंग लाइनवर या, तोंड लक्ष्याकडे, घोडा अर्ध्यावर, आणि आता टोपी. टोपी नेहमी सगळ्यात शेवटी. चकमकीची असेल तर कानात (वाटीतून नळीत जाणाऱ्या बारीक भोकात) तार घालून वाट मोकळी करा आणि रंजक वाटीत अर्ध्याहून कमीच भरा. जास्त रंजक म्हणजे लवकर पेट असं नसतं. ढीग केला की आग त्या ढिगातून वाट काढत जाते आणि बार उशिरा उडतो.

चिंध्या गोळा करा

टेबलावर वाळूच्या पिशव्या घ्या. रायफल पुढच्या दस्त्यावर टेकवा, जिथे हात धरतो तिथे. नळी थेट पिशवीवर टेकवली की ती उसळून गोळ्या वर जातात. लक्ष्य २५ मीटरवर आणि कागद मोठा. पॉइंट ५० ला सुरुवातीचं माप ५० ग्रेन. कॅलिबरचा आकडा तेवढेच ग्रेन ही जुनी, सावध रीत आहे आणि इतर कॅलिबरनाही लागू पडते.

पाच गोळ्या झाडा. प्रत्येक बारानंतर नळी पुसा. किंचित ओलसर कापड एकदा आत-बाहेर, मग कोरडं एकदा. कापड चिंब नको, नाहीतर ओल बुडाशी जमून पुढचा बार भिजतो. काळ्या दारूची राख हवेतली ओल शोषून घेते आणि प्रत्येक बाराला थर वाढवत जाते. न पुसता पाच बार झाडले तर ते पाच वेगवेगळ्या नळ्यांतून झाडल्यासारखे होतात. मुरलेल्या नेमबाजांमध्ये काही जण पुसत नाहीत, वंगणावरच भागवतात. ते नंतर. सुरुवातीला दरवेळी पुसायचं आणि दरवेळी सारखंच पुसायचं.

रेंज थंड झाली, म्हणजे झाडणं थांबलं, सगळ्या रायफली रिकाम्या झाल्या आणि पुढे जायची परवानगी मिळाली की लक्ष्याकडे न जाता आधी नळीपुढची जमीन बघा. काही मीटरांवर तुमच्या चिंध्या पडलेल्या सापडतील. एकेक उचलून उजेडात धरा.

चांगली चिंधी अशी दिसते : मध्ये गोळीच्या बुडाचा काळपट गोल ठसा, त्याच्याभोवती आट्यांच्या खुणांचं फिकट कडं, कडा जरा उसवलेल्या, पण कापड अखंड. इतकं अखंड की वाटलं तर परत वापरावं. मध्येच जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे, वंगण कमी आहे किंवा वायू बाजूने निसटतोय. जाड कापड घ्या किंवा वंगण वाढवा. आट्यांच्या कड्यावर ब्लेडने कापल्यासारखे चिरे असतील तर नळीच्या तोंडाची कड किंवा नव्या नळीतले आटे धारदार आहेत. बार झाडत जाल तसे आटे गुळगुळीत होतात, पण तोंडाची कड धारदार असेल तर कारागिराकडून ती हलकीशी गोलसर करून घ्या. एकाच बाजूला काजळी आणि भोक म्हणजे गोळी चिंधीच्या मध्यावर नव्हती. आणि नुसत्या धाग्यांच्या लडी सापडल्या, तर लक्ष्यावर काय दिसतंय ते बघण्यात अर्थच नाही. त्या दिवशीच्या भोकांवरून काहीही ठरवू नका.

धारदार आटे की जळणं, असा संशय असला तर एक सोपी परीक्षा आहे. नळी रिकामी ठेवून, दारू न घालता, चिंधीसह गोळी तोंडातून फक्त शॉर्ट स्टार्टरच्या आखूड खुंटीएवढी आत घाला आणि कापडाची कड पकडून परत ओढून काढा. कापड आधीच कापलेलं निघालं तर दोष तोंडाच्या कडेचा.

चिंध्या पाचही वेळा अखंड येईपर्यंत पुढे जायचं नाही. कंटाळवाणं आहे, पण इथे गेलेला वेळ पुढे दारू आणि शिसं दोन्ही वाचवतो.

मग दारू वाढवा

आता लक्ष्य ५० मीटरवर न्या. प्रत्येक मापाचा कागद वेगळा. ५० ग्रेनच्या पाच गोळ्या, मग ५५ च्या पाच, मग ६०, ६५, ७०, अर्थात पुस्तिकेतली मर्यादा न ओलांडता. माप बदललं की गजावरची खूणही सरकते हे ध्यानात ठेवा. प्रत्येक कागदावर माप, दारूचा प्रकार, चिंधीची जाडी, वंगण आणि हवा लिहा. एकमेकांपासून सगळ्यात लांब पडलेल्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. तीन गोळ्यांवर समाधान मानू नका, तीन गोळ्या योगायोगानेही चिकटतात.

समजा कागदांवरचे आकडे असे आले : ५० ला ९ सेंटिमीटर, ५५ ला ७, ६० ला साडेचार, ६५ ला पाच, ७० ला आठ. नवखा माणूस ६० वर बोट ठेवतो. मी ६० आणि ६५ हे दोन्ही शेजारी चांगले आले याला जास्त महत्त्व देईन. मापात एखाद-दोन ग्रेनची चूक झाली तरी पुंजका फुटणार नाही अशी ती जागा आहे. एकच माप चमकदार आणि दोन्ही बाजूचे वाईट असतील तर तो कागद बहुधा नशिबाचा. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या हवेत तेच माप पुन्हा झाडून बघा. टिकलं तर ते तुमचं.

माप चढवलं की वेग चढतो, पण त्याच प्रमाणात नाही. काळ्या दारूत एका मर्यादेनंतर जास्तीची दारू मुख्यतः धूर, धक्का आणि राख वाढवते. गोल गोळी तर हवेत फार लवकर दमते. पॉइंट ५० ची गोळी तोंडातून सेकंदाला सुमारे १,८०० फुटांनी निघाली तरी १०० मीटरवर तिचा वेग निम्म्याच्या आसपास उतरलेला असतो. म्हणून तोंडाशी मिळवलेला थोडा जादा वेग लक्ष्याशी फारसा उरत नाही. खांदा दुखेल असा बार निशाण्यासाठी जवळजवळ कधीच लागत नाही.

पुंजका कुठल्याच मापाला आवळत नसेल तर माप मधलं कुठलंतरी धरून बाकीच्या गोष्टी एकेक करून बदला : चिंधीची जाडी, मग गोळीचा व्यास, मग वंगण, मग दारूचा दाणा. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलून पुंजका सुधारला, तर कशाने सुधारला ते कधीच कळत नाही. आणि हे सगळं करण्याआधी नळी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या खिळी आणि स्क्रू घट्ट आहेत का, मागची नेमपट्टी (जिच्या खाचेतून माशी बघतात ती) हलते का, तेही बघा. सैल स्क्रूला दारूचं औषध लागू पडत नाही.

लांबट गोळीवाल्यांसाठी थोडक्यात : क्रम हाच, पण चिंधीऐवजी सॅबो गोळा करून बघा. त्याच्या पाकळ्या सारख्या उघडलेल्या आणि बूड न वितळलेलं हवं. पोकळ बुडाच्या मिनिए गोळीला हलका बार लागतो. जास्त दारूने तिचं पातळ बूड फुलून वाकडं होतं आणि ती उडताना डोलते. लांबट गोळ्या जड असतात, त्यामुळे त्यांच्या मापाची मर्यादाही वेगळी. गोल गोळीचा आकडा त्यांना लावू नका.

आता माशी

माप ठरलं, पुंजका टिकतोय, आणि तो नेमापासून बाजूला पडतोय. आता हात लावा.

मागची नेमपट्टी जिकडे सरकवाल तिकडे गोळी जाते. पुढची माशी सरकवली तर गोळी उलट दिशेला जाते. पट्टी उंच केली की गोळी वर, माशी उंच केली की गोळी खाली. पारंपरिक रायफलींवर माशी मुद्दाम उंच ठेवलेली असते, म्हणून नव्या रायफलीच्या गोळ्या खाली लागतात. माशी घासत न्याल तशा त्या वर येतात. यासाठीच कानशीला इतका वेळ थांबवलं.

किती सरकवायचं याचा हिशेब सोपा आहे. पुंजक्याचा मध्य नेमापासून किती दूर आहे ते अंतर गुणिले माशी आणि पट्टी यांच्यातलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. समजा माशी-पट्टी ७०० मिलिमीटर, लक्ष्य ५० मीटर म्हणजे ५०,००० मिलिमीटर, आणि पुंजका १०० मिलिमीटर खाली. शंभर गुणिले सातशे भागिले पन्नास हजार, म्हणजे १.४ मिलिमीटर. एवढी माशी कमी करायची आहे. पण एकदम एवढी घासू नका. निम्मी घासा, कड चौकोनी ठेवा, पाच गोळ्या झाडा, मोजा, मग पुढची. शेवटचे दोन सेंटिमीटर उरले की कानशीचे दोन-चार हात पुरतात. आडवी हालचाल करताना माशी तिच्या खाचेतून पितळी ठोकणीने हलकेच ठोका आणि सुरुवातीला नळीवर पेन्सिलची रेघ मारून ठेवा. हे काम अर्थातच रिकाम्या रायफलीवर.

एका गोष्टीने खूप जण फसतात : ऊन. पितळी किंवा चांदीच्या माशीवर डावीकडून ऊन पडलं की तिची डावी कड चमकते. डोळा त्या चमकत्या कडेलाच माशी समजून ती खाचेच्या मध्यावर आणतो आणि गोळी उजवीकडे जाते. संध्याकाळी तीच रायफल डावीकडे मारते. माशी काळी करा, किंवा ढगाळ हवेत नेम लावा. सकाळच्या उन्हात ठोकलेली माशी दुपारी परत ठोकावी लागेल.

चकमकीच्या रायफलीत आणखी एक. चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत जरा वेळ जातो आणि डोळ्यांसमोर रंजक भडकते. तेवढ्यात माणूस नकळत दचकतो. रिकाम्या रायफलीच्या घोड्यात चकमकीऐवजी लाकडाचा तुकडा बसवून सराव करा : चाप ओढल्यावरही माशी लक्ष्यावर तशीच धरून ठेवायची. ही सवय नसेल तर पुंजका मोठा येण्याचं कारण दारूत शोधत बसाल.

५० मीटरवर नेम बसला की १०० मीटरवर तीच रायफल झाडून गोळी किती खाली जाते ते कागदावर बघा आणि वहीत लिहा. दुसऱ्याच्या वहीतला आकडा घेऊ नका. स्पर्धांमध्ये उतरायचं मनात असेल तर हेही माहीत असू द्या : आंतरराष्ट्रीय सामन्यांत ३० मिनिटांत १३ गोळ्या झाडायच्या असतात आणि त्यातल्या सर्वोत्तम १० धरतात. म्हणजे भरणं, पुसणं, झाडणं मिळून एका बाराला दोन-सव्वादोन मिनिटं. घाई न करता या लयीत बसतं का, हे सरावातच बघायचं.

तेल पुसलेल्या स्वच्छ नळीतली पहिली गोळी बाकीच्यांपासून वेगळी पडते, असं बऱ्याच रायफलींत दिसतं. तुमची कुठे टाकते ते निदान तीन-चार वेगवेगळ्या दिवशी बघून वहीत वेगळं नोंदवा आणि नेम लावताना ती गोळी पुंजक्यात धरू नका.

बार उडाला नाही तर

टोपी वाजली, बार नाही. रायफल लक्ष्याकडेच धरून ठेवा आणि पूर्ण एक मिनिट थांबा, रेंजचा नियम जास्त असेल तर तेवढं. दारू सुलगत असू शकते. मग नवी टोपी. तरी नाही, तर पुन्हा थांबा, निपलच्या भोकात तार फिरवा, पुन्हा टोपी. हेही झालं नाही आणि गजाची खूण आत गेलेली दिसली, तर दारू भरायचीच राहिली आहे. निपल काढून त्या वाटेने थोडीशी दारू आत सारा, निपल बसवा, गोळी जागेवर टेकलेली आहे हे गजाने परत बघा, गज काढा आणि लक्ष्याकडे धरून झाडा. गोळी जेमतेम बाहेर पडेल. हवेच्या दाबाने गोळी ढकलणारं यंत्र रेंजवर असेल तर ते अधिक बरं. गोळी ओढून काढायचा स्क्रू शेवटचा उपाय, आणि तोही आत दारू असेल तर ती निपलच्या वाटेने पाण्याने भिजवल्यावरच.

त्याच दिवशी धुवा

उद्या धुऊ असं म्हणायचं नाही. राख ओल धरते आणि एका रात्रीत नळीत गंज चढतो. निपल काढा. नळी सुटी होत असेल तर बूड बादलीत ठेवा आणि साबणाचं कोमट पाणी जॅगवरच्या (गजाच्या टोकाला कापड धरणारा तुकडा) कापडाने वर-खाली ओढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. उकळतं पाणी लागत नाही. उलट त्याने लगेच तांबूस पापुद्रा धरू शकतो. मग कोरडी कापडं, ओल येईनाशी होईपर्यंत, आणि शेवटी तेलाचा पातळ हात. निपलच्या आट्यांना थोडं ग्रीस.

दुसऱ्या दिवशी एक कोरडं कापड नळीतून पुन्हा फिरवा. ते तांबूस आलं तर परत पुसून तेल द्या, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बघा.